जुळाऱ्याचा प्रिंटर

प्रिंटर घ्यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, तो सुनेच्या कामासाठी. ती ॲप्रनवर आणि दप्तरांवर इस्त्रीने नावं उमटवून द्यायची आणि एकेका नावासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात खेटे घालून वैतागली होती. खरं कारण मात्र सासऱ्यांच्या मनात होतं, आणि मनातलं ओठांवर आणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

सासरे जुळारी होते. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून पट्टीत ओळी जुळवायच्या, हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. छापखाना बंद पडला तरी गल्लीत सगळे त्यांना जुळारीच म्हणत, आणि त्यांनाही दुसरं नाव नको होतं.

दुकानात सुनेच्या अटी चिक्कार होत्या. तिचा लॅपटॉप, नवऱ्याचा जुनाट कॉम्प्युटर आणि तिघांचे फोन, सगळ्यांवरून वायरीशिवाय छापता आलं पाहिजे, शाई बाटलीने भरता आली पाहिजे. जुळाऱ्यांची अट एकच होती. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि दुकानदाराला 'क्ष' छापून दाखवायला सांगितलं. पहिल्या दोन यंत्रांनी 'क्ष'ची गाठ शाईने बुजवून टाकली. तिसऱ्याची गाठ मोकळी आली. "हा घे," ते सुनेला म्हणाले. दुकानदाराने एव्हाना कपाळाला हात लावला होता.

घरी आल्यावर प्रिंटर दोन तास रुसून बसला. वायफाय आतल्या खोलीत, प्रिंटर बैठकीत, आणि मधली भिंत जाडजूड. शेवटी त्याला पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर बसवलं तेव्हा कुठे तो सगळ्यांशी बोलू लागला. सुनेने जुळाऱ्यांच्या फोनवरही त्याचं ॲप टाकून दिलं. त्या दिवशी तिचा फोन चार्जिंगला होता म्हणून तिने दोन-तीन ॲप्रनची नावं त्यांच्याच फोनवरून छापली आणि पुढच्या कामाला लागली.

जुळाऱ्यांना छापायचं होतं एक पत्र. ते दादासाठी होतं.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तोही जुळारीच. दोघं समोरासमोर उभे राहून काम करायचे, मधे फक्त खिळ्यांच्या घरांची मांडणी. छापखाना बंद करायची पाळी आली तेव्हा दादाने धाकट्याला न विचारता सगळे खिळे भंगारात दिले. धाकट्याने भरल्या अंगणात म्हटलं, "तू माझे हात विकलेस." त्या दिवसापासून एकोणीस वर्षं अबोला. आता छापखान्याच्या जुन्या कागदवाल्याकडून कळलं होतं की दादा येत्या रविवारी कायमचा लेकीकडे चालला आहे, विमानाने, समुद्रापार. यंत्रांच्या धडधडीत दादाचे कान कधीच गेले होते, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. जाऊन उभं राहायला तोंड नव्हतं. आणि लिहायला बसावं तर जुळाऱ्यांचा हात असा कापायचा की अक्षराचा पार चिखल व्हायचा.

म्हणून दुपारी सून ॲप्रन पोचवायला गेली तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि फोनला पत्र सांगायला सुरुवात केली. फोनने 'खिळे'चं 'किल्ले' केलं. दादाने किल्ले विकले असा मजकूर तीनदा उमटला, तीनदा त्यांनी तो कापऱ्या बोटाने दुरुस्त केला. पत्र आठ ओळींचंच होतं. तू खिळे विकलेस तेव्हा मी बोललो ते खोटं होतं, हात माझ्यापाशीच होते, माझा राग होता तो छापखान्यावर आणि काढला तुझ्यावर, जायच्या आधी एकदा भेट, एवढंच.

कागद डोक्याकडून बाहेर येत, अक्षरांचे माथे त्यांच्याकडे करून, पुढ्यात थांबला. जुळाऱ्यांनी तो उचललाही नाही. आयुष्यभर पट्टीतली ओळ माथा खाली धरून वाचली तसा तो तिथेच वाकून वाचला. पाचव्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. ती सुधारून त्यांनी दुसरी प्रत काढली, पुन्हा तशीच वाचली, घडी घातली आणि पाकीट चिकटवलं. पत्ता संध्याकाळी सुनेने लिहिला. दादाचं नाव वाचून पाकीट टाकायला ती स्वतःच गेली.

दोन दिवसांनी त्यांनी डॉक्टरांना दाखवायला आपल्या औषधांची यादी छापली. सुनेने कागद उचलला आणि म्हणाली, "बाबा, हे उलटं आलंय."

"कुठे उलटं? नीट तर आहे."

"आरशात दिसावं तसं आहे. कापडावर इस्त्री करायला नावं उलटी छापावी लागतात ना, ती खूण मी तुमच्या फोनवर तशीच ठेवली वाटतं." तिने कागद त्यांच्यासमोर सरळ धरला. तेव्हा त्यांना दिसलं. शिशातली अक्षरं उलटीच असतात, आणि अडतीस वर्षं उलटं वाचलेल्या डोळ्यांना ते कधी खटकलंच नव्हतं.

एकोणीस वर्षांनी माफी मागितली, तीही उलटी. दादाला वाटेल, हा अजून चेष्टाच करतोय. सुनेला सगळं सांगावं लागलं. ती रडवेली झाली, चूक माझी म्हणाली, दुसरं पत्र हातोहात नेऊन देते म्हणाली. त्यांनी मान हलवली. एकदा फाडलं असेल तर दुसरं तो उघडणार नाही, दादाला मी ओळखतो, म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली आणि वाजतच राहिली. बहिऱ्या माणसाला ती थांबली की नाही कळत नाही. सुनेने दार उघडलं. दादा काठी टेकत आत आला, चपलांच्या कपाटाशी थांबला आणि खिशातून पत्र काढलं. त्यावर लाल पेनाच्या दोन खुणा होत्या.

"दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय," तो मोठ्याने म्हणाला. "आणि सातवीत 'भेट'च्या आधी जागा जास्त सुटली आहे. डोळे गेले का तुझे?"

जुळारी खुर्चीतून उठले आणि तसेच उभे राहिले. सुनेने कागदावर घाईघाईने लिहून विचारलं, पत्र उलटं छापलं होतं, वाचायला त्रास झाला का?

दादाने ते वाचलं आणि भुवया वर केल्या. "उलटं? मला नीटच दिसलं. माथा खाली धरला नि वाचलं." मग म्हणाला, "न्यायला आलेली लेक म्हणत होती, हे कुणाला वाचता यायचं नाही. मी म्हटलं, तुला नाही, मला लिहिलंय."

जुळाऱ्यांच्या डोळ्यांना धार लागली. दादाने तिकडे न बघता सुनेला फोन काढायला सांगितला. "आता माझं लिही, सूनबाई. खिळे नेले त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर नेऊ दिले नसते. लिहिलंस?"

तिने लिहिलं. मग बोट बटणावर ठेवून सासऱ्यांना विचारलं, सुलटं की उलटं?

"उलटंच," ते म्हणाले.

कागद सरकत बाहेर आला. दोघे म्हातारे त्यावर वाकले, नि जुळाऱ्यांनी ओळीखाली बोट ठेवलं तसं ते थरथरायला लागलं. दादाने तो हात आपल्या हातात धरला. हात कापत होता तो कापतच राहिला, पण दादाने तो सोडला नाही.