हुल्डाबाईंचा लसूणघास आणि टाउनशिपचा हुशार भोंगा

"ड्वेन, माझ्या लसूणघासात बदकं पवाय लागलीत," टाउनशिपच्या, म्हणजे आमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या, हॉलात शिरता शिरताच हुल्डाबाई ब्राटलंड म्हणाल्या. "बदकांवर माझा राग न्हाई. पर हिवाळ्यात माझ्या गाया काय खातील? बदकं?"

"मावशी, आधी बसा तरी. वडी घ्या," चेअरमन ड्वेन स्कोग्लुंड म्हणाला.

ताटात लिंबाची एकच वडी उरली होती. आमच्या मिनेसोटात शेवटची वडी कुणी उचलत नाही. पहिला निम्मी कापून घेतो, दुसरा त्या निम्म्याची निम्मी, आणि शेवटी उरतं ते मुंगीनंही नाक मुरडावं एवढं. टाउनशिपचा कारभारही ह्याच रीतीनं चालतो.

बाईंच्या रानाचं पाणी ओढ्यावरच्या बीव्हरनं तुंबवलं होतं. बीव्हर म्हणजे घुशीचा सुखवस्तू चुलतभाऊ: दात सुताराचे, शेपूट उलथन्यासारखं आणि डोक्यात रात्रंदिन धरण. बाई रोज सकाळी ट्रॅक्टरनं धरण फोडायच्या, तो रोज रात्री बांधायचा. सरकारी खात्यात एवढी तडफ असती तर आमचा रस्ता केव्हाच झाला असता.

"ह्यावर आपण आधुनिक उपाय आणलाय," ड्वेन म्हणाला. निवडणूक मार्चात होती, म्हणून उपाय आधुनिकच लागणार होता. "हुशार भोंगा. कॅमेऱ्यानं बीव्हर ओळखतो आन् लांडग्यागत वरडतो. आतमध्ये कृत्रिम बुद्धी हाय."

"कृत्रिम का हुईना, बुद्धी आली म्हंजे झालं," बाई म्हणाल्या.

भोंगा ओढ्यावरच्या रस्त्याच्या मोरीवर बसला. पहिल्याच दिवशी त्यानं ओर्विल टेगला ओळखलं. ओर्विल शेजारचा कोंबडीवाला. बिचारा तपकिरी केसाळ टोपी घालून गळ टाकत बसला होता. मिश्या ओल्या, पुढचे दोन दात जन्माचेच बाहेर. भोंग्यानं नीट निरखलं आणि कानाशी असा लांडगा सोडला, की ओर्विल गळासकट ओढ्यात. बीव्हरनं पोहत येऊन त्याला हुंगलं आणि आपला नव्हे म्हणून परत गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलात सभा. ओर्विल अजून शिंकत होता.

"मी तक्रार करत न्हाई," तो म्हणाला. आमच्याकडे तक्रार अशीच सुरू होते. "भोंगा... जरा वेगळाच हाय."

आमच्याकडे 'वेगळाच' ह्यापुढे शिवी नाही.

"काढून टाका मग तो," बाई म्हणाल्या.

"काढायचा न्हाई आन् लांडगाबी नको," ड्वेननं वडी कापावी तसा प्रश्न मधोमध कापला. "सौम्य आवाज लावू. कुनाचंच मन दुखवायला नको. ओर्विलचं न्हाई, बीव्हरचंबी न्हाई."

ड्वेननं फोनवरून भोंग्यालाच विचारलं. तो गोड गळ्यानं म्हणाला, "मन शांत करणारा आवाज सुचवतो: झुळझुळ वाहणारं पाणी." सगळ्यांनी हात वर केले. बाईंनी तेवढा केला नाही.

आता वाहत्या पाण्याचा आवाज म्हणजे बीव्हरला काय, तर घराचं छप्पर गळतंय! त्यानं बायकोला बोलावलं, मेव्हणे बोलावले. जिथून झुळझुळ ऐकू येई तिथं ते चिखल थापायचे, वर लाकडं रचायचे. भोंगा पार गाडला गेला, तरी आतून झुळझुळतच राहिला. आठवड्यात धरण दुप्पट झालं आणि लसूणघासाचं तळं.

मी पाहायला गेलो तेव्हा बाई बांधावर कान लावून उभ्या होत्या.

"ऐकलंस? चिखलातनं गातोय मेला," त्या म्हणाल्या. "गळती हुडकत्यात रं ही जनावरं. गळती नेल तिकडं जात्याल."

बाईंनी छातीपर्यंत रबरी विजार चढवली, धरण फोडलं, भोंगा उपसून काढला आणि पिकअपमध्ये टाकला. कुठं निघालात, असं मी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून फक्त मागचं फळकुट लावून दिलं.

ओढा पुढं ड्वेनच्या बंगल्यामागून जातो. तिथं त्याची हिरवळ आहे. ती तो माणसापेक्षा जपतो. पंधरवड्यात त्या हिरवळीवर होडी लागायला लागली. पत्रांच्या पेटीपाशी ड्वेन वल्हवत जायचा आणि आम्ही रस्त्यावरून हात हलवायचो. भोंगा तिथं कसा आला ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी बोललं नाही. ड्वेननंही तोंड उघडलं नाही. आवाज त्याच्याच ठरावानं लागला होता.

इकडं बाईंच्या रानातलं पाणी ओसरलं, लसूणघास पुन्हा फुटला आणि दोन कापण्या पदरात पडल्या. वैरणीच्या गंज्या कोठाराच्या आढ्याला टेकल्या.

मार्चात निवडणूक झाली. आमच्याकडे मतपत्रिकेवर आपल्या पसंतीचं नाव हातानं लिहिता येतं. बऱ्याच जणांनी 'बीव्हर' लिहिलं. ड्वेन थोडक्यात वाचला.

"विरोधकाला बरोबर घेऊन काम करीन," तो गंभीरपणे म्हणाला.

"निदान तो गावात घर बांधून ऱ्हातो," मागून कुणीतरी म्हणालं. ड्वेन थंडीचे चार महिने फ्लोरिडात असतो.

मग कॉफी आली, वड्या आल्या, संपतही आल्या. ताटात एक उरली. ओर्विलनं सवयीनं सुरी उचलली. तेवढ्यात हुल्डाबाईंनी हात पुढं केला, अख्खी वडी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली. बोटंसुद्धा चाटली.

"हे," ओर्विल सुरी खाली ठेवत म्हणाला, "वेगळंच हाय."

"व्हय," बाई म्हणाल्या. "आन् ग्वाडबी हाय."