एकाच खोडाच्या फळ्या

हुर्शितकाकांचं घर जळालं. बायको, नातवंडं सुखरूप बाहेर आली, तरी काका अंगणात डोकं धरून बसले होते. त्यांची केमेंचे आत राहिली होती. ते तीन तारांचं वाद्य माझ्या वडिलांनी बनवलं होतं.

"असे बसू नका, काका," मी म्हणाले. "त्याच खोडाचा उरलेला ओंडका माझ्याकडे पडलाय. हुबेहूब करून देते."

बोलून गेले खरी. झाड तेच, मापं तीच, हात बाबांनीच घडवलेला. आवाज वेगळा कशाला येईल, असं मला वाटलं.

पहिली केमेंचे काकांनी गुडघ्यावर उभी धरली, गज फिरवला आणि लगेच थांबवला.

"मुरुव्वेत, आत लापशी भरलीस का गं?"

"नवी आहे. वाजवून वाजवून खुलेल."

"तोवर मी जगायला नको?"

मी चिडून त्याच ओंडक्यातून तोंडावर बसवायची दुसरी फळी चिरली, आणखी पातळ तासली. तिचा आवाज नुसता किरकिरा. तिसरी फळी लालसर आणि वजनाला भारी होती, म्हणून मी आशेने लावली. तारा ताणल्या आणि थोड्याच दिवसांत ती तारा पेलणाऱ्या घोडीखाली खचली. मी रंधा भिंतीवर फेकून मारला. आमच्या माचका खोऱ्यात सगळे मला विचारत होते, "झाली का गं काकांची?"

शेवटी सगळे उरलेले तुकडे ओट्यावर मांडले आणि एकेक दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिला. गाभ्याजवळचा तुकडा सहज वाकत होता. झाड कोवळं असतानाचं लाकूड ते. सालीकडच्या एका तुकड्याने मात्र माझ्या बोटांना जोर लावायला लावला आणि सोडताच टणकन सरळ झाला. तिसऱ्या फळीचं लालसर लाकूड उताराच्या बाजूचं. कलत्या झाडाचा भार पेलून जड झालेलं, पण ताठा कमी. बाबांनी सालीकडचा, चढाच्या बाजूचा भाग तेव्हाच वापरून टाकला होता. माझ्याकडे उरला होता तो तुकडा, बोटभर रुंदीचा.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या बापानं मलई खाल्ली आणि तुला ताक ठेवलं!"

"मलई तुम्हालाच दिली होती, काका. जळाली ती."

मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण राग ओसरला नाही.

मग वखारीतून स्प्रूसच्या दुसऱ्याच झाडाचं सालीकडचं लाकूड निवडून आणलं. ती केमेंचे काकांनी नातीच्या लग्नात वाजवली. लोक हातात हात घालून अंगण दणाणून सोडेपर्यंत नाचले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काका घामाघूम होऊन माझ्याशेजारी बसले.

"चांगली वाजते," ते म्हणाले. "पण माझी नाही ती."

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजानंतर ते कारखान्यात येतात, चहा पितात आणि केमेंचे पुढे करतात. "जरा तासून बघ ना."

"आता तासली तर फुटेल, काका."

"मग फुटू दे!" असं म्हणतात आणि तिला छातीशी धरून घरी नेतात.