डाव्या पायाला काम नसलेली गाडी

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांचा डावा पाय त्यांचं ऐकेनासा झाला होता. जन्मभर बस चालवलेला माणूस, आता बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि कोण क्लच जाळतंय ते आईला सांगायचा. उजवा पाय, हात, नजर शाबूत होती. क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं, तेव्हा लेकीने तशी एक जुनी गाडी घेतली.

बाबांनी ती वरूनच पाहिली. "खेळणं आहे ते."

"अहो, पोरीने हौसेनं आणलीय. नुसतं बसून तरी बघा," आई म्हणाली.

"बसायला खुर्ची आहे की मला."

मग लेकच ती गाडी घेऊन कामावर जाऊ लागली. गिअर बदलताना गाडी हिसका द्यायची. त्याचा आवाज वरपर्यंत यायचा आणि बाबांचा चहा कडू व्हायचा. शेवटी एका रविवारी न राहवून ते काठी टेकत खाली उतरले.

"तेल बघितलंस का गिअरबॉक्सचं?"

तिने तेल मोजायची दांडी ओढून फडक्यावर पुसली. काळंकुट्ट, करपल्यासारखा वास.

"आधीच्या मालकाने हातसुद्धा लावलेला नाही," बाबा म्हणाले. "बदलायला हवं."

"आजच बदलू. कसं करायचं तेवढं तुम्ही सांगा."

ते सांगायला स्टुलावर बसले. लेकीने गाडी उतरत्या फळ्यांवर चढवली, चाकांना अडसर लावले आणि खाली शिरली. गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सुटताच कोमट तेलाची धार थेट तिच्या कोपरापर्यंत आली.

"हात मागे घे! बादली पुढे सरकव, बादली!"

"सरकवतेय हो, ओरडू नका!"

आई वरून म्हणाली, "घरात येताना दोघंही चपला बाहेर काढा."

"सगळं एकदम उपसायचं नाही," बाबा म्हणाले. "जुनी गाडी आहे, बिचारीला सोसायचं नाही. निघेल तेवढं काढ, मोजून तेवढंच घाल. काही दिवस चालव, मग पुन्हा."

बोल्ट घट्ट बसवून लेकीने लांब नरसाळ्यातून नवं, लालभडक तेल ओतलं आणि गाडी सपाटीवर आणली. आता इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून फिरवायचा आणि मग तेलाची पातळी बघायची होती.

"बाबा, तुम्ही आत बसता का? मी इथे उभी राहते."

हे तिला एकटीलाही जमलं असतं. तिला माहीत होतं, त्यांनाही. मग काठी तिच्या हातात देऊन, डावा पाय हातांनी उचलून आत घेत ते चालकाच्या जागेवर बसले.

उजवा पाय ब्रेकवर गेला. दांडा मागे, पुढे, पुन्हा जागेवर. लेकीने पातळी पाहिली. "बरोबर आहे."

बाबा उतरले नाहीत. "हा डावा बघ," ते हळूच म्हणाले. "अजून क्लच शोधतोय." मांडी खरंच किंचित हलत होती.

"शोधू दे. सापडायचा नाही."

ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच मोकळं हसले. "बस शेजारी. हिसका गेला की नाही, ते चालवल्याशिवाय कसं कळणार?"

गाडी गल्लीतून हळूहळू निघाली. हिसका अगदीच गेला नव्हता, पण बराच मऊ झाला होता. कोपऱ्यावरून वळून परत यायचं ठरलं होतं. बाबा वळलेच नाहीत. मोठ्या रस्त्याला लागले, खांदे सैल सोडले आणि सिग्नलला इतकी अलगद गाडी थांबवली की लेकीला ती थांबल्याचं कळलंच नाही.

परतल्यावर आई दारातच उभी होती. "कुठे गेला होतात इतका वेळ? जेवण थंड झालं."

"तेल बघत होतो," बाबा म्हणाले, आणि गाडीची किल्ली आपल्या खिशात टाकून हात धुवायला गेले.