सात मिलिमीटरची मान

शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत नांदेडच्या त्या कॅन्सर रुग्णालयात सगळं ठरलेलं होतं. सोमवारी ईश्वरप्पांचं रेडिएशन सुरू. सोमवार त्यांच्या बायकोनं, गुरम्मांनी, महादेवाचा वार म्हणून मागितला होता. डॉक्टर अमरनाथांनी मशीन रिकामं आहे म्हणून तो दिला होता. श्रद्धा आणि विज्ञान यांचं एका तारखेवर इतक्या लवकर एकमत होणं मुळातच संशयास्पद होतं.

बाकी होती फक्त तनुजाची सही. मशीनचा मारा नेमका कुठं आणि किती, हे तपासणं तिचं काम.

ईश्वरप्पा उदगीरचे धान्याचे व्यापारी. गाठ जिभेच्या मुळाशी. ती गाठ नीट दिसते एमआरआयमध्ये, आणि मशीन चालतं सीटी स्कॅनवर. म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायची आणि एकातली गाठीची कड दुसऱ्यात उतरवायची. सीटी नांदेडलाच झाला होता, चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा घट्ट मास्क बसवून. इथलं एमआरआयचं मशीन बंद असल्यामुळे तो लातूरला करून आणला होता. चित्रं संगणकानं जुळवली, तनुजानं मंगळवारी ‘ठीक’ म्हटलं आणि डॉक्टरांनी त्यावर लाल रेघेनं गाठ आखली.

आता सहीआधी तिनं दोन्ही चित्रं अर्धी-अर्धी दाखवणारी सरकती पट्टी पुन्हा कवटीवरून खाली ओढली. कवटी केसभरही हलत नव्हती. जबडा थोडा हलला. मानेचा तिसरा मणका मात्र सरळ तुटलेल्या बांगडीसारखा दिसला. अर्धा इथं, अर्धा तिथं. तिनं मोजलं. सात मिलिमीटर.

संगणकानं डोक्याला डोकं जुळवून काम संपवलं होतं, लग्न जमवणाऱ्या मामासारखं. मानेचं पुढं काय होईल ते ज्याचं त्यानं बघावं.

मंगळवारी तिनं कवटीपर्यंतच पाहिलं होतं.

“सर, जुळणी चुकलीय. मीच पास केली होती.”

अमरनाथांनी चष्मा कपाळावर चढवला. “सात मिलिमीटर म्हणजे केवढं ते?”

“गाठीची एक कड माऱ्याबाहेर राहील एवढं. आणि मागच्या बाजूला मज्जारज्जू भाजेल एवढं.”

“रेघ जरा मोठी काढली तर?”

“मग कड सापडेल. मज्जारज्जूही सापडेल.”

गाठ रोज वाढत होती, ईश्वरप्पांचा आवाज रोज उतरत होता. मशीनवरची पुढची रिकामी वेळ गुरुवारी होती.

तनुजानं लातूरला फोन लावला. तिथला तंत्रज्ञ रुद्रेश.

“पेशंट हलले होते का रे?”

“न्हाई मॅडम! इतका शांत पेशंट मी बघितला न्हाई. मूर्ती पडल्यासारखे पडले होते.”

“मग मान का वाकलीय?”

रुद्रेशचा आवाज खाली आला. “म्हंजे... त्यांना तुम्हीच विचारा ना.”

ईश्वरप्पा मास्क तपासून घ्यायला आले होते आणि बाहेर बाकावर बसले होते. तनुजानं त्यांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं. “अप्पा, लातूरला कसे पडला होता ते दाखवा.”

त्यांनी लिंगायत म्हणून गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीतून काढलं, डाव्या तळहातावर घेऊन छातीशी धरलं, हनुवटी छातीला टेकवली आणि नजर तळहातावर लावली. रोज सकाळी पूजेला बसतात तसे, फक्त आडवे.

“मशीन लई ठणाणा करतंय,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “भ्या वाटलं. रुद्रेश आपल्यातलाच हाय. चांदी काढा म्हनला, देवाला असू द्या म्हनला. नीट दिसावं म्हनून डोक्याखाली टावेलाची घडीबी घातली त्यानं. लई गुणाचं पोरगं.”

ज्या माणसाला भीती वाटली त्याला त्याचा देव दिसावा, एवढीच घडीची जाडी होती. कुणावर ओरडायचं, ते तनुजाला कळेना.

“पुन्हा लातूरला जावं लागेल, या वेळी मास्क लावून. आजच. आणि सोमवार जमणार नाही, गुरुवार होईल.”

शेजारी उभ्या असलेल्या गुरम्मांनी पदर कमरेला खोचला. “गुरुवार कोनाचा?”

“दत्ताचा,” दारात येऊन उभे राहिलेले डॉक्टर म्हणाले.

“मंग चालतंय. वार बदला, जागा चुकवू नका.”

दुपारी जीप निघाली. मास्क गुरम्मांच्या मांडीवर, जावयाचा फेटा धरावा तसा. मास्क अडकवायची, एमआरआयला चालणारी प्लास्टिकची पाटी तनुजाच्या मांडीवर. पाचला लातूर. रुद्रेशनं मान खाली घालून दार उघडलं आणि ती खालीच ठेवली.

मास्क लागताच ईश्वरप्पांचे डोळे छताकडं खिळले. डावा तळहात पोटावर, त्यावर लिंग. पण नजर तिथवर पोचेना. ते पाय झाडू लागले. “दिसंना. काढा हे!”

“अप्पा, हललात तर पुन्हा तेच,” तनुजा म्हणाली.

पाय थांबेनात. गुरम्मा अंगावरचं सगळं सोनं काढून आत आल्या आणि त्यांच्या पायाशी उभ्या राहिल्या. “डोळे मिटा. चाळीस वर्सं माज्याकडं न बघता संसार केला की न्हाई? देवाकडं ईस मिन्टं होत न्हाई व्हय? साकु, पुरे आता, गप पडा.”

जाळीच्या आत काहीतरी हललं. हसू असावं. मग पाय थांबले.

रुद्रेशनं बटण दाबलं. वीस मिनिटं तनुजा काचेपलीकडं फक्त एका छातीचं वरखाली होणं मोजत होती. मधे एकदा ईश्वरप्पांनी गिळलं. रुद्रेशनं तो भाग न सांगता पुन्हा घेतला.

शनिवारी सकाळी नांदेडला तिनं या वेळी कवटीकडं पाहिलंच नाही. मानेपासून सुरुवात केली. पहिला मणका, दुसरा. तिसऱ्यापाशी तिचं बोट थांबलं. रेघ अखंड होती. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. एक मिलिमीटरहून कमी.

तिनं डॉक्टरांना बोलावलं आणि नव्या चित्रावर जुनी लाल रेघ टाकून दाखवली. मागून ती घशातल्या मोकळ्या हवेत लोंबत होती. पुढं गाठीचा एक करडा तुकडा रेघेबाहेर तसाच उरला होता.

अमरनाथांनी स्वतःच आखलेली ती रेघ पुसली, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, “तू इथंच बस. चुकलो की लगेच बोल.”