नेटी फे जिथे थांबते

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि समजा, की तुमचे पोट रिकामे आहे. भूक लागल्यावर असते तसे नव्हे, तर अगदी आतून पोकळ. तुमच्यासमोर कुणी गायले, की त्या पोकळीत काहीतरी हलते आणि नकळत तुम्हीही गुणगुणू लागता. जमले? मग आता तुम्ही मीच झालात. मी एक जुनी गिटार आहे.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावातल्या कारखान्यात झाला. माझी पाठ मेपलच्या लाकडाची आणि पोट स्प्रूसच्या. मला घडवणारा म्हातारा कारागीर लाकडावर टिचकी मारायचा, कान लावायचा, मग हळूच रंधा फिरवायचा. इतके पातळ लाकूड एवढ्या ताणलेल्या तारा कसे पेलते, याचे मला अजूनही नवल वाटते.

तिथून मी टेनेसीच्या डोंगरात पोचले. वेन्डेल क्रॅबट्री नावाच्या मुलाने आपले खेचर देऊन त्या बदल्यात मला घरी आणले. त्याचे वडील अंगणातच कडाडले.

"खेचर नांगर तरी ओढत होतं. हे लाकूड काय ओढणार रे?"

वेन्डेल पायरीवर बसून वाजवू लागला. त्याचा अंगठा जाड तारांवर ठेका धरायचा आणि उरलेली बोटे त्यावर गाणे विणायची. शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन म्हणाली, "दुसरा पोरगा कुठं लपलाय? दोघं वाजवताहेत ना?"

पुढे आम्ही रेडिओवर गेलो, धान्याच्या कोठारांत रंगणाऱ्या नाचांना साथ द्यायला गेलो आणि शेवटी गाण्यांच्या रेकॉर्ड जिथे निघत त्या नॅशव्हिल शहरात आलो. तिथल्या स्टुडिओत सगळे वादक एकाच खोलीत बसायचे आणि एकदमच वाजवायचे. पुढ्यातल्या कागदावर सुरांऐवजी आकडे लिहिलेले असत. आकडे पाहिले, की नवे गाणेही ते चहा संपायच्या आत वाजवू शकत. मी तर थक्क होऊन जाई. पण त्या सगळ्यांत वेन्डेल वेगळा होता. इतरांना जिथे भरपूर वाजवावेसे वाटे, तिथे तो एकच सूर छेडायचा आणि हात थांबवायचा. तेवढ्याने गाणाऱ्याचा आवाज उजळून निघे. देशभरच्या घरांत, ट्रकांत, खानावळींत माझा आवाज वाजू लागला. रेकॉर्डच्या वेष्टनावर आमचे नाव कधीच नसे, पण नुसत्या आवाजावरून लोक ओळखत, "हा क्रॅबट्री."

मग रेकॉर्ड कंपनीने त्याला निर्माता केले. कुणी गायचे, काय गायचे, कसे गायचे, हे आता तो ठरवणार होता. तो काचेपलीकडच्या खोलीत, यंत्रांशेजारी बसू लागला आणि मी त्याच्या मागच्या भिंतीवर टांगली गेले. त्याने घडवलेली गाणी एकाहून एक सरस होती, मला त्यांचा अभिमान वाटे. पण माझ्यावर धूळ साचली, तारांवर गंज चढला. येणारे-जाणारे मला पाहून म्हणत, "अरे वा, हीच का ती!" आणि पुढे जात.

एके दिवशी सकाळी नेटी फे आली. वेन्डेलच्याच डोंगरांतली, अकरा-बारा वर्षांची मुलगी. तिची आई हेझल तिला बसने घेऊन आली होती. आजीकडून शिकलेले एक गाणे नेटीला गायचे होते. कंपनीने तीन तास दिले होते. तेवढ्यात गाणे उतरले तर रेकॉर्ड निघणार, नाहीतर परतीची बस. दुपारी दुसरा गायक येणार होता.

पहिल्याच कडव्यात गोंधळ झाला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी वादक पुढे निघून गेले आणि नेटी मागे राहिली. पुन्हा घेतले, पुन्हा तेच.

वेन्डेल काचेपलीकडून भोंग्यावर म्हणाला, "पोरी, तिथं तू जास्त थांबतेस. आकड्यांप्रमाणं सरळ चल बघू."

"गाणं तसंच आहे, काका."

"नेटी!" आईने डोळे वटारले. "साहेब सांगतात तसं म्हण."

नेटी सरळ गायली. सगळे बरोबर जुळले. पण गाणे असे वाटले, जणू कुणी पाठ केलेला धडा म्हणून दाखवतो आहे. वेन्डेलने मान हलवली. पुन्हा एकदा झाले, आणखी एकदा झाले. तिचा आवाज बारीक होत गेला. पिआनोवाले डेलबर्ट घड्याळाकडे पाहू लागले. शेवटी वेन्डेल म्हणाला, "जरा कॉफी घ्या सगळे." मग यंत्र सांभाळणाऱ्या रॉसला तो हळूच म्हणाला, "नाही व्हायचं. आईला कसं सांगू?"

वादक बाहेर गेले, हेझलही गेली. नेटी मायक्रोफोनजवळ एकटीच उभी होती. तो चालूच होता. कुणी ऐकत नाही असे समजून ती स्वतःशीच गाऊ लागली, आजीसारखे. आमच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून तिचा आवाज आला आणि माझ्या पोकळीत काहीतरी हलले. ती ओळीच्या शेवटी थांबली. त्या शांततेत फक्त माझ्या तारांची गुणगुण उरली.

वेन्डेल गर्रकन वळला. "कुणी हात लावला तिला?"

"कुणीच नाही," रॉस म्हणाला. "ती आपणहून वाजली."

मित्रांनो, आमच्या डोंगरांतली कितीतरी गाणी अशी वाकडी असतात. कुठे एक ठोका जास्त, कुठे एक कमी. वेन्डेल त्यांतच वाढला होता. पण आकड्यांच्या कागदात सगळी गाणी सरळ करता करता ते तो विसरला होता. त्याने मला भिंतीवरून काढले, तारा सुरात आणल्या आणि काचेचा दरवाजा उघडून तो वादकांच्या खोलीत आला.

वादक आणि हेझल परतले ते थबकलेच. डेलबर्ट हसले. "काय रे वेन्डेल, काचेमागं बसून बोटं लोण्याची झाली असतील आता!"

"वितळली तर पावाला लावून खा," वेन्डेल म्हणाला आणि नेटीसमोर बसला. "मला सांग बाळ, तिथं का थांबतेस?"

नेटीने आईकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "आजी धार काढताना म्हणते ना. तिथं ती बादली सरकवते. बादली सरकेपर्यंत गाणं पुढं जात नाही."

सगळे खो खो हसले. नेटीचा चेहरा पडला. पण वेन्डेल म्हणाला, "मग आपणही बादली सरकवायची. कागद पालथे घाला रे."

"आणि मला कळणार कसं?" डेलबर्टनी विचारले.

"तिच्या खांद्यांकडे बघा. ती श्वास घेईल, मग आपण."

दुपारचा गायक बाहेर येऊन बसला होता. ही एकच संधी उरली होती. नेटी गाऊ लागली. वेन्डेलचा अंगठा माझ्या तारांवर चालू लागला, पण तिच्या अर्धे पाऊल मागेच. ती जागा आली. सगळे थांबले. एवढी माणसे, एवढी वाद्ये, आणि सगळी एका लहान मुलीच्या श्वासासाठी थांबलेली! मित्रांनो, मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, पण त्या क्षणाइतके भारी काही ऐकले नाही. मग तिचे खांदे उचलले गेले आणि आम्ही सगळे एकदम पुढे निघालो.

शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हलले नाही. रॉसने काचेमागून हात वर केला. गाणे उतरले होते.

तुमच्या घरात एखादे वाद्य भिंतीवर असेल, तर त्याला पाहून नुसते "अरे वा" म्हणू नका. त्याला खाली काढा. आणि कुणाचे गाणे वाकडे वाटले, तर ते सरळ करण्याआधी एकदा पुरते ऐका.

हेझल डोळे पुसत होती. डेलबर्ट नेटीला म्हणाले, "चल, तुझाच आवाज ऐकायचा ना?" सगळे काचेपलीकडच्या खोलीत निघाले. नेटी मात्र निघाली नाही. वेन्डेलने मला खुर्चीला टेकवून ठेवले होते. ती माझ्यापाशी आली.

"काका, हात लावू?"

"आधी धूळ पूस तिची," वेन्डेल म्हणाला आणि त्याने खिशातला रुमाल पुढे केला.

नेटी जमिनीवर बसली. तिने मला मांडीवर घेतले आणि एकेक तार पुसत, प्रत्येकीचा आवाज पुरता विरेपर्यंत कान लावून ऐकत राहिली.