दहा नंबरची पाटी

मी दहा बोलतेय. नुसता आकडा नव्हे, तो आकडा छातीवर घेऊन उभी राहिलेली रेल्वेची पिवळी पाटी. इथून पुढे रुळांची तब्येत बरी नाही, गाडी ताशी दहा किलोमीटरच्या वर नेऊ नका, एवढंच इंजिनवाल्याला सांगायचं, हे माझं काम.

मूर्तिजापूरकडच्या एका शेडमध्ये मी जन्मले. मोडीत काढलेल्या मालडब्याच्या दाराचा पत्रा कापून मला घडवलं. त्या डब्यानं उभं आयुष्य कापसाच्या गाठी वाहिल्या होत्या. रंगाऱ्यानं मला हळदीसारखा पिवळा रंग दिला आणि काळ्या रंगात दहाचा आकडा काढला. त्याचं शून्य जरा तिरपं झालं. तो म्हणाला, "चालते, गाडीले कुठं शाळेत जायचं हाये!" आणि मला वाळत घालून चहाला निघून गेला.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीवर माझी नेमणूक झाली. खैरवाडीच्या शिवारात एका पावसाळ्यात रूळ खचले होते. आमच्याकडची काळी माती कापसाला माय असली तरी रुळांना सावत्र माय आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वर टाकलेली गिट्टी हळूहळू गिळून टाकते. गिट्टी गेली की रुळांखालचे लाकडी स्लीपर चिखलात कुजतात, खिळे ढिले पडतात आणि रूळ एकमेकांपासून फाकू लागतात.

गँगचे मुकादम डोमाजी यांनी खड्डा खणून मला तिथं रोवलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दोनच महिने उभी राह्य बाई. स्लीपर आले की तुले काढतो."

स्लीपर काही आले नाहीत. छोट्या लाइनीला कोण विचारतो? मी उभीच राहिले. वर्षं गेली, माझ्या पायाशी तरोटा उगवला, वाळला, पुन्हा उगवला.

गाडी माझ्याजवळ आली की माणसाच्या चालीनं चालू लागे. हे सगळ्यांत आधी तुळसाबाईच्या लक्षात आलं. खैरवाडीच्या बौद्धपुऱ्यात राहणारी ही बाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. पण ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं होती. वेचणी परवडत नाही म्हणून लोकांनी पऱ्हाटी उभीच सोडली होती, आणि तुळसाबाईच्या हातांना काम उरलं नव्हतं. तिनं घरामागं सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी आणि अंबाडी लावली. भाजी दारव्ह्याच्या बाजारात न्यायची, तर स्टेशन दूर आणि गावचा रस्ता पावसात गुडघाभर चिखलाचा.

एका सकाळी ती डोक्यावर टोपलं घेऊन रुळांच्या कडेनं चालली होती. मागून गाडी आली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड पूनमसिंग उभा होता. मूळचा तांड्यावरचा, मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा.

"बाई, गाडीसंगं शर्यत लावून राह्यली का?" तो ओरडला. "दे ते टोपलं इकडे. चढ, जल्दी!"

तुळसाबाई चढली. त्या लाइनीवर गार्डच तिकिटं फाडायचा, त्यानं रीतसर तिकीट दिलं. दुसऱ्या दिवशी दोन बाया आल्या, मग चार. महिनाभरात माझ्या पायाशी सकाळ-संध्याकाळ माणसं जमू लागली. कोणी माझ्या खांबाला शेळी बांधायचं, कोणी छत्री अडकवायचं. दारव्ह्यात लोक विचारायचे, कुठं उतरता? खैरवाडीची माणसं ऐटीत सांगायची, "दहा नंबरले."

त्यांच्यात तुळसाबाईची मुलगी उर्वशीही होती. अकरावीला दारव्ह्याच्या कॉलेजात जायची. गाडी माझ्यापाशी येण्याआधीच ती पुस्तकं ओढणीत बांधायची आणि धावत्या पायरीवर असं पाऊल टाकायची, जणू घरचा उंबरठा. मला ती पोरगी फार आवडायची. वाट पाहताना ती माझ्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरायची.

डोमाजींना मात्र माझ्याकडे पाहून लाज वाटायची. दुपारी गँग भाकरीला बसली की ते म्हणायचे, "ही पाटी म्हंजे माह्या कामावर लागलेला डाग हाये." आणि मग एका श्रावणात स्लीपर आले. मुरूम, गिट्टी, सगळंच आलं.

त्या संध्याकाळी तुळसाबाई डोमाजींकडे गेली. ते माझ्याच सावलीत हत्यारं गोळा करत होते.

"मुकादमभाऊ, इथचे रूळ नीट केले तं गाडी हळू होईन का?"

"कायले होईन? पाटीच निंघन नं."

"मंग उर्वशी कालेजात कशी जाईन? आमचा बाजार कसा होईन?" मग ती म्हणाली, "दुसरीकडचं काम आधी करा. इथचं थोडकं राहू द्या."

डोमाजींनी हातातली पहार खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमाले खड्डा नाई पाह्यजे बाई, टेशन पाह्यजे. पण थे देनं माह्या हातात नाई." त्यांनी घमेली उचलली. "बरं. आधी नाल्यावरच्या मोरीजवळचा तुकडा करतो. तुमचा दिवाळीनंतर पाहू."

मलाही बरं वाटलं. आणखी काही दिवस माणसं दिसणार होती.

पोळ्याच्या आसपास तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या सकाळी गाडी नेहमीसारखीच माझ्याजवळ मंदावली. टोपली वर गेली, बाया चढल्या. उर्वशी शेवटच्या डब्याच्या पायरीवर चढली आणि त्याच क्षणी खालून कडाडकन आवाज आला. कुजलेला स्लीपर फुटला, रूळ फाकले, चाक खाली उतरलं आणि डबा एका अंगावर कलला. उर्वशी पायरीवरून उडून बाभळीच्या काट्यांत पडली.

"माय वं!" एवढंच ऐकू आलं. तुळसाबाई टोपलं टाकून धावली. वांगी चिखलात लोळली. पूनमसिंगनं काट्यांत शिरून पोरीला उचललं. तिचा उजवा हात मनगटातून मोडला होता आणि कपाळावरून रक्त येत होतं. गाडीचा वेग कमी होता म्हणून बाकी कोणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाजी तिच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. परतताना ते माझ्यापाशी थांबले आणि ओल्या खांबाला हात लावून मग फुटलेल्या स्लीपरचे तुकडे गोळा करू लागले.

पाऊस ओसरल्यावर कामाला सुरुवात झाली. माती काढायला रोजावर माणसं घेत होते. पहिल्याच सकाळी तुळसाबाई टोपलं घेऊन हजर.

"तुम्ही?" डोमाजी दचकले. "पोरीजवळ बसा नं बाई."

"तिच्याजवळ माही जाऊ हाये. मले कामावर घ्या. म्या म्हणलं म्हणून तुमी थांबले. आता हा खड्डा मीच भरतो."

तिच्यामागं खैरवाडीच्या आणखी बाया होत्या. गाडीत चढणाऱ्या त्याच सगळ्या. आपल्या पायाखालची सोय त्या स्वतःच्या हातानं बुजवायला आल्या होत्या. गँगच्या माणसांनी रूळ उचलून धरले आणि बायांनी खालची काळी माती कंबरभर खोल काढली. तिच्या जागी मुरूम भरला, ठोकून घट्ट बसवला, वर गिट्टी पसरली. नवे स्लीपर टाकले, रूळ बसवले. तुळसाबाईच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यांवर चिंध्या बांधून ती आली.

शेवटच्या दिवशी डोमाजी रुळावर पालथे पडले. गाल लोखंडाला लावून, एक डोळा मिटून, रुळाची ओळ पाहू लागले. रूळ सरळ आहे का ते असंच पाहतात. मग उठून म्हणाले, "तुळसाबाई, या. पाहा."

"मी? मले काय समजते?"

"पाहा तं खरं."

ती लाजत पालथी झाली. तापल्या रुळाला तिचा गाल लागला. पाहता पाहता तिचं तोंड उजळलं. "अवं माय! सुतासारखा गेला नं सीधा!"

त्याच दुपारी मला उपटलं. मी गिट्टीवर आडवी पडले होते, तेव्हा गाडी आली. बाया एका बाजूला उभ्या होत्या. हातात कोणाच्याच टोपलं नव्हतं. गाडी मंदावली नाही. तालात, न डुलता, समोरून निघून गेली. शेवटच्या डब्यातून पूनमसिंग वाकून ओरडला, "दहा नंबर गेलं का? मले तं समजलंच नाई!"

बाया हसल्या. मग एकेकीनं पदर डोळ्यांना लावला.

पुढचं सोपं गेलं नाही. उर्वशीचा हात बरा झाला. त्या वर्षी माय-लेकी अंधारात उठून रुळाच्या कडेनं स्टेशनपर्यंत चालत जायच्या. पुढच्या वर्षी उर्वशी यवतमाळच्या कॉलेजात गेली आणि तिथं मुलींच्या वसतिगृहात राहिली. तिथून परिचारिकेचं शिक्षण घेतलं, तिकडेच संसार थाटला. गावकऱ्यांनी थांबा मागितला, तो काही मिळाला नाही. काही वर्षांनी गाडीच बंद झाली. पण बंद होईपर्यंत त्या तुकड्यात एकदाही हादरा बसला नाही, हे मी ऐकत होते. कारण मी जवळच, गँगच्या चौकीत पाण्याच्या पिंपावर झाकण होऊन पडले होते. चौकी पडल्यावर तुळसाबाईनं मला घरी आणलं. आता मी तिच्या शेळ्यांच्या कोठ्याचं दार आहे. अंगावरचा रंग बराचसा उडाला आहे.

यंदाच्या सुट्टीत उर्वशीची मुलगी पायल आली. तिच्या लॅपटॉपवर गाडी चालवण्याचा खेळ आहे. त्यात तिनं आपल्या लाइनीचा अख्खा रस्ता स्वतः तयार केलाय. बाभळीत बुडालेल्या रुळांवरून ती पायी फिरली, फोटो काढले. माझाही काढला. कोठ्यासमोर बाजेवर बसून तिनं आजीला खेळ दाखवला. पडद्यावर मी उभी होते, नवीकोरी, पिवळीधमक.

"आजी, इथं गाडी हळू करायची. नाही तर पडते."

"काहून पडते?"

"इथले रूळ खराब आहेत नं. आईनं सांगितलं."

"तुह्या मायचा हात मोडला थे खरं हाये. पन त्याच्या बादचं नाई सांगितलं तिनं?" तुळसाबाई बाजेवर सरसावून बसली. "तिथं आता खाली मुरूम हाये, पोरी. आमी बायांनी भरला. डोमाजी मुकादमानं रूळ बसोले. तू अजून खड्डाच ठेवून राह्यली?"

"पण आजी, खेळणाऱ्या सगळ्यांना हाच भाग आवडतो. इथंच तर मजा येते."

"लोकाइच्या मजेसाठी आमचं काम मोडतं का तू?"

पायलनं लॅपटॉप मांडीवर ओढला. मग तिची बोटं चालू लागली. पडद्यावरचे वाकडे रूळ सरळ झाले. खूप वेळानं तिनं हळूच विचारलं, "मग ही पाटीपण काढावी लागेल. काढू?"

तुळसाबाईनं वळून माझ्याकडे पाहिलं. माझं तिरपं शून्य अजून थोडं दिसतं.

"काढ," ती म्हणाली.

मी पडद्यावरून गेले. तुळसाबाईनं पायलनं दाखवलेली कळ दाबली आणि गाडी सोडली. गाडी वेगात आली, त्या तुकड्यावरून तालात निघून गेली. सत्तरीची ती बाई टाळ्या वाजवत होती, आणि खरं सांगते, माझा पत्रा आनंदानं तापला होता.

माणसांनो, तुमच्या रस्त्यांवर माझ्या पुष्कळ बहिणी उभ्या आहेत. त्यांना जरूर माना, त्यांचं ऐका. पण त्यांना कायमचं उभं ठेवू नका. आम्हाला काढून टाकण्यासारखं काम कराल, तर आमच्याइतकं खूश कोणी होणार नाही.

चला, शेळ्या परतताहेत. तुळसाबाईची हाक आली. मला उघडायला हवं.