राधिकाने रोखलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापे घेणारी. पिवळी, साठ इंचांची. रायपूर नुकतेच छत्तीसगडची राजधानी झाले होते, तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातल्या प्रेमलाबाईंनी मला विकत घेऊन गळ्यात घातले. त्या बायकांचे कपडे शिवत. राजधानी झाल्यापासून गिऱ्हाइकांना रोज नवी फॅशन हवी असे, त्यामुळे मला उसंत नव्हती. खरे सांगायचे तर मी थोडी शिष्टच झाले होते. माझा आकडा कधी चुकत नाही, असे मला वाटे.

तो चुकला अनुश्रीच्या लग्नात. तिने कुठल्याशा मासिकात एकसारख्या ड्रेसमधल्या मैत्रिणी पाहिल्या होत्या. आपल्या तिन्ही करवल्याही तशाच दिसाव्यात, असा तिचा हट्ट होता. मोरपंखी रंग, बिनबाह्यांचा, कमरेत घट्ट कुर्ता. दोघी मैत्रिणी सडपातळ होत्या. तिसरी तिची धाकटी बहीण राधिका, अंगाने भरलेली. नवरीच्या मागे पाण्याचा करा घेऊन तिलाच उभे राहायचे होते.

प्रेमलाबाईंना माप मोठ्याने सांगायची सवय. त्या दिवशी दुकान भरलेले होते. मी राधिकाच्या कमरेभोवती गेले आणि तिने श्वास आत ओढला. मला कळले, पण मला तोंड कुठे? वहीत तीस लिहिले गेले.

लग्नाला चार दिवस असताना राधिकाने ड्रेस घालून पाहिला. करा धरल्यासारखे हात वर केले, तशी कमरेची शिवण टर्रकन उसवली. मैत्रिणी हसल्या. ती पडद्याआड गेली ती बाहेर येईना.

"दीदी, मले नाही व्हायचं करवली. करा दुसऱ्या कोणाले दे," ती आतून म्हणाली.

अनुश्रीचा चेहरा पडला. प्रेमलाबाई मला घेऊन आत गेल्या.

"श्वास काहून रोखला होता वं?"

"तुम्ही सगळ्यांसमोर आकडा सांगता, काकू."

प्रेमलाबाईंनी मला पुन्हा तिच्या कमरेभोवती धरले. "हव, चुकलंच माहं. सोड आता श्वास. आकडा माह्याच जवळ राहीन."

मग त्यांनी उरलेल्या कापडाच्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या, कापल्या. शिवण छातीखाली घेतली, तिथून घेर मोकळा सोडला, बाह्या कोपरापर्यंत लावल्या. दुसऱ्या दिवशी राधिकाने आरशासमोर हात वर केले. शिवण टिकली. ती स्वतःकडे बघून हसली, तेव्हा मला फार बरे वाटले.

"काकू, मेरा भी कुछ करो ना. मी यात काठी दिसून राहिली," एक मैत्रीण म्हणाली. तिच्या कुर्त्याला कमरेत चुण्या मिळाल्या.

अनुश्री तिघींकडे बघत राहिली. "रंग एकच राहू द्या काकू. बाकी जिले जे शोभन ते." लग्नात करा राधिकाच्याच हातात होता.

आता माझे आकडे पुसले आहेत आणि ताणून ताणून मी अर्धा इंच वाढले आहे. प्रेमलाबाईंनी नवी टेप आणली, मी खिळ्यावर असते. मित्रांनो, आम्हाला ओढाताण न करता नीट गुंडाळून ठेवत जा. आणि माप देताना आमच्यापासून काही लपवू नका, आम्ही कुणाला नावे ठेवत नाही.

मागच्या आठवड्यात राधिका आपल्या मुलीला घेऊन आली. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी फ्रॉक शिवायचा होता. नवी टेप कमरेला लागली आणि पोरीने श्वास आत ओढला. मी खिळ्यावरून बघत होते. मला आजही तोंड नाही.

पण राधिका तिथेच होती. "सोड बेटा श्वास," ती म्हणाली, "काकू आकडा कोणाले सांगत नाहीत."

पोरीने श्वास सोडला, आणि प्रेमलाबाईंनी काही न बोलता वहीत माप लिहिले.